बंदा रुपिया की खोटा? व्हाइट सँड्सच्या पाऊलखुणांचं प्रकरण

दादरला एका शाळेच्या तळमजल्यावरच्या वर्गात आमचा अभ्यासगट भरतो, महिन्यातले दोन रविवार. पुरातत्त्वाची पदविका करणारी काही मुलं, बँकेतून निवृत्त झालेले दोघे, एक वकीलबाई, वेसाव्याच्या कोळीवाड्यातून येणारी भूगोलाची एक विद्यार्थिनी आणि मी, जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. रिवाज एकच. एका वेळी एकच प्रकरण घ्यायचं आणि शेवटी प्रत्येकाने चिठ्ठीवर आपला निकाल लिहायचा: मानतो, मानत नाही किंवा थांबतो. कारण एका ओळीत लिहायचं. 'दोन्ही बाजूंत तथ्य आहे' हे वाक्य आमच्याकडे चालत नाही.

या खेपेचं प्रकरण होतं अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या व्हाइट सँड्सचं. जिप्समच्या पांढऱ्याशुभ्र वाळूचा हा प्रदेश २०१९च्या डिसेंबरात राष्ट्रीय उद्यान झाला. त्याच्या आसपास लष्कराचं क्षेपणास्त्र चाचणीचं मैदान आहे. हिमयुगात इथे ओटेरो नावाचं मोठं सरोवर होतं. ते आटलं आणि त्याच्या काठच्या गाळात माणसांची, मॅमथची, महाकाय स्लॉथची पावलं राहून गेली. काही ठसे जमिनीत ठरावीक ओल असेल तेव्हाच दिसतात, म्हणून तिथले लोक त्यांना भुताची पावलं म्हणतात.

२०२१च्या सप्टेंबरात मॅथ्यू बेनेट आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या शोधपत्रिकेत लिहिलं की यातले काही मानवी ठसे २३,००० ते २१,००० वर्षांपूर्वीचे आहेत. बरीचशी पावलं किशोरवयीन मुलांची आणि लहानग्यांची. आकड्यात खळबळजनक काय, हे समजायला एक जुना हिशोब माहीत हवा. सुमारे १३,००० वर्षांपूर्वीच्या क्लोव्हिस भाल्यांचे लोक हेच अमेरिकेतले पहिले, असं विसाव्या शतकात बराच काळ मानलं जायचं. नंतर त्याहून जुन्या जागा पुढे आल्या, पण त्याही काही हजार वर्षांनीच. इथे दहा हजार वर्षांची उडी होती, आणि तीही ऐन हिमयुगाच्या शिखरावर, जेव्हा कॅनडावरून खाली येणारी वाट बर्फाने बुजलेली होती.

पहिल्याच मिनिटाला बँकवाल्या काकांनी विचारलं, "पण पावलाचं वय मोजतात कसं? पाऊल म्हणजे तर खड्डा."

प्रकरणाची गाठ इथेच आहे. हाडात कार्बन असतो, कोळशात असतो. ठशात काहीच नसतं. खड्ड्याला जन्मतारीख नसते. वय मोजायचं ते त्याच्या खालच्या आणि वरच्या शेजाऱ्यांचं. खालचा थर पावलाआधी साचलेला, वरचा पावलानंतरचा. या दोघांच्या मध्ये कुठेतरी माणूस चालून गेला. टांझानियातल्या लेटोलीच्या ३६ लाख वर्षांहून जुन्या ठशांना ज्वालामुखीच्या राखेचा शेजार मिळाला, त्यामुळे तिथलं काम सोपं झालं. व्हाइट सँड्सला राख नव्हती. तिथे होत्या गवताच्या बिया.

वनस्पतीचं नाव रुपिया. फळ्यावर लिहिताच वर्गात हशा पिकला, आणि पुढचे दोन तास 'बंदा रुपिया' की 'खोटा रुपिया' याखेरीज दुसरी भाषा कोणी बोललं नाही. खाऱ्या, उथळ पाण्यात बुडून वाढणारी ही गवतासारखी वनस्पती. त्याच्या बियांचे पातळ थर ठशांच्या खालीही होते आणि वरही, एकावर एक अनेक पातळ्यांवर. बियांतला कार्बन-१४, म्हणजे ठरावीक वेगाने घटत जाणारा किरणोत्सारी कार्बन, मोजला. सर्वांत खालच्या बिया जवळजवळ २२,९०० वर्षांच्या, वरच्या २१,१००च्या आसपास. खालून वर येताना आकडे क्रमाने कमी होत गेले.

हिशोब सोपा आहे. कार्बन-१४चं अर्धायुष्य ५,७३० वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात तो निम्माच उरतो. तेवीस हजार वर्षं म्हणजे चार अर्धायुष्यं. मूळच्या कार्बन-१४चा सोळावा भाग, सहा टक्क्यांच्या आसपास, उरतो. आजची यंत्रं हे सहज मोजतात. मुंबईला ही विद्या नवी नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६०च्या दशकात कार्बन-१४ची प्रयोगशाळा चालत होती. उत्खननांचे जुने अहवाल चाळले तर 'टीएफ' अक्षरांनी सुरू होणारे नमुना-क्रमांक भेटतात, ते इथलेच. पुढे ते काम अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेलं. यंत्रावर कोणाचा आक्षेप नव्हताच. आक्षेप होता रुपियावर.

जमिनीवरचं झाड हवेतला कार्बन घेतं, आणि हवेतला कार्बन ताजा असतो. पाण्यात बुडालेलं झाड मात्र पाण्यात विरघळलेला कार्बन घेतं. ते पाणी चुनखडीतून झिरपून आलेलं असेल, तर त्यातला बराच कार्बन कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, म्हणजे कार्बन-१४ पुरता संपलेला, मृत. असलं पाणी पिऊन आज उगवलेलं झाडही जन्मतःच म्हातारं निघतं. याला कठीण पाण्याचा परिणाम म्हणतात. लॉरेन डेव्हिस, डेव्हिड मॅडसन वगैरे मंडळींनी नेमका हाच मुद्दा लावून धरला. त्यांच्या हातात एक झणझणीत पुरावा होता. १९४७ साली त्याच खोऱ्यातल्या मॅलपाइस झऱ्यावरून रुपिया गोळा करून जपून ठेवलेला होता. त्याचं कार्बन-वय निघालं सुमारे ७,४०० वर्षं. ज्या वर्षी भारत स्वतंत्र झाला त्या वर्षी खुडलेलं झाड!

वकीलबाई तत्काळ म्हणाल्या, "साक्षीदार फुटला. संपलं."

त्यांना थांबवायला मला वेसाव्याच्या मुलीची मदत झाली. तिने विचारलं, "सर, समुद्रातल्या शिंपल्यांचंही असंच होत असेल ना? माझी आजी शिवल्या काढते, त्याही जुन्या निघतील?" प्रश्न अगदी नेमका होता. समुद्राच्या पाण्यात जुना कार्बन मिसळलेला असतो, म्हणून जिवंत शिंपलासुद्धा साधारण चारशे वर्षांचा असल्याचं भासवतो. किनाऱ्याकिनाऱ्यागणिक ही चूक कमी-जास्त होते, आणि ती मोजून वजा करतात. पण आजीने आज काढलेली शिवली त्यासाठी निरुपयोगी आहे. १९५०-६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट केला आणि तो पुढे समुद्रातही उतरला. म्हणून अशा मोजणीला संग्रहालयातले, चाचण्यांच्या आधी गोळा केलेले शिंपले शोधतात. १९४७च्या रुपियाचं मोल त्यातच होतं.

पण शिंपल्यांच्या उदाहरणाने आणखी एक गोष्ट उघड झाली. चूक किनाऱ्यागणिक बदलते, तशी पाण्यागणिकही बदलणार. मॅलपाइस हा झरा आहे. जमिनीखालून येणारं पाणी तिथे थेट झाडाला मिळतं. ठसे सापडले ते रुंद, उथळ सरोवराच्या काठावर, जिथे वाऱ्याने पाणी ढवळतं आणि हवेतला कार्बन त्यात मिसळत राहतो. बेनेटच्या बाजूचं उत्तर साधारण हेच होतं. मी फळ्यावर ढोबळ गणित मांडलं. खरं वय १५,००० असून ते २२,५०० दिसायचं, तर झाडातल्या दर पाच कार्बन अणूंपैकी तीन मृत असायला हवेत. आणि दोन हजार वर्षं सरोवराची पातळी वर-खाली होत असताना, प्रत्येक थरात हे प्रमाण इतकं नेमकं राहायला हवं की आकड्यांचा क्रम कुठेही मोडू नये. अशक्य म्हणणार नाही. पण मला ते पचलं नाही.

म्हणजे साक्षीदार फुटला नव्हता, संशयात होता एवढंच. संशयित साक्षीदाराची स्वतंत्र साक्षीने पडताळणी करतात. ती आली दोन वर्षांनी. पण तिच्याकडे वळण्याआधी आम्ही चिखलात उतरलो.

झालं असं की पदविकेच्या एका मुलाने वेगळाच आक्षेप काढला. ओल्या गाळावर पाय पडला की दाब खालच्या थरांपर्यंत जातो आणि तिथेही ठसा उमटतो. उत्खननात जर खालचा उपठसा सापडला, तर ज्या थरावर कोणी चाललंच नाही त्याचं वय आपण पावलाला चिकटवू. बरोबर होतं. गणपतीनंतर एकाच्या घरी शाडू माती उरली होती. एका परातीत शाडूचा थर, त्यावर रांगोळीची पातळ पूड, पुन्हा शाडू, पुन्हा रांगोळी, असे पाच थर दिले. पहिल्या खेपेला पाणी जास्त झालं आणि पाय उचलताना सगळी परात बरोबर उचलली गेली. दुसऱ्या खेपेला जमलं. मधोमध सुरीने कापलं तर खालच्या रांगोळीच्या रेषाही टाचेखाली वाकलेल्या, सगळ्यांत तळची सोडून. आक्षेप सिद्ध झाला, आणि त्याच कापात त्याची मर्यादाही दिसली. ही फसवणूक काही बोटांची असते. काही बोटं गाळ साचायला किती वर्षं लागतात ते जागेवर अवलंबून, पण जिथे ठसे अनेक पातळ्यांवर आहेत आणि सर्वांत वरच्या ठशांवरही जुन्या बियांचा थर आहे, तिथे ही युक्ती आठ-दहा हजार वर्षं खाऊ शकत नाही.

त्याच मुलाचं समाधान तरीही होईना. गाळातलं पाऊल टिकतंच कसं, हे त्याला बघायचं होतं. म्हणून एका सुकतीला वेसाव्याच्या खाडीकाठी गेलो. कोळीवाड्यात ओहोटीला सुकती म्हणतात. तिथे जे कळलं ते वेसाव्याच्या मुलीच्या आजीमुळे. मी पाण्याजवळच्या मऊ चिखलात पाय रोवून उभा होतो. आजींनी वरूनच हाक मारली, की तिकडचं पाऊल पुढच्या भरतीला जाणार, बघायचंच असेल तर वर तिवरांच्या कडेला या. कारण त्यांना पाठ होतं. अमावास्येच्या उधाणाला पाणी तिथवर चढतं आणि गाळ भिजवून जातं. मग भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत पाणी तिथे पोचतच नाही. उन्हाने गाळ आवळतो, पाऊल कडक होतं. पुढच्या उधाणाला पाणी पुन्हा येतं ते हळू, आणि कडक पावलावर नवा बारीक गाळ अलगद बसतो. आम्ही दोन पावलं खुणेची काठी रोवून ठेवली. पंधरवड्यानंतर एक कुत्र्यांनी तुडवलेलं होतं. दुसऱ्यात बोटभर राखाडी गाळ भरला होता, आणि तो सुट्या पापुद्र्यासारखा निघाला. खाली पाचही बोटं शाबूत होती.

ओटेरो सरोवराला भरती-ओहोटी नव्हती. पण पाणी मागे हटणं, काठ उघडा पडणं, सुकणं, पुन्हा गाळाखाली जाणं हे चक्र तिथेही होतं, फक्त ऋतूंच्या आणि वर्षांच्या मापाने. रुपियाच्या बिया ठशांच्या वर-खाली आलटून पालटून का सापडतात, ते त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट उमगलं. पाणी असताना रुपिया, पाणी हटल्यावर माणसं. हे मी कागदावर चार वेळा वाचलं होतं.

आता दुसरी साक्ष. २०२३च्या ऑक्टोबरात अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचे जेफ पिगाटी, कॅथलीन स्प्रिंगर आणि सहकाऱ्यांनी त्याच थरांतल्या परागकणांतला कार्बन-१४ मोजला, तेही पाइन-स्प्रूससारख्या सूचिपर्णी झाडांच्या. ही झाडं हवेतून कार्बन घेतात, म्हणून कठीण पाण्याचा आक्षेप त्यांना लागू पडत नाही. अडचण कणांच्या आकाराची. एका नमुन्याला सुमारे ७५,००० परागकण लागले, आणि ते चिखलातून निवडायला फ्लो सायटोमेट्रीचं यंत्र वापरलं. आपल्याकडे मोठ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताच्या कर्करोगाच्या तपासणीत पेशी ओळखायला वापरतात तेच. वय आलं २३,४०० ते २२,६००च्या दरम्यान, त्याच थरातल्या बियांशी जुळणारं.

त्याच लेखात तिसरी साक्ष होती, आणि तिचा कार्बनशी संबंधच नाही. गाळातल्या क्वार्ट्झच्या कणांवर आजूबाजूच्या मातीतल्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियमच्या किरणांचा मारा अखंड चालू असतो. त्या माऱ्याने स्फटिकात इलेक्ट्रॉन अडकत जातात. सूर्यप्रकाश लागला की ते सुटतात आणि हिशोब शून्यावर येतो. कण पुरला गेला की पुन्हा शून्यापासून मोजणी सुरू. प्रयोगशाळेत अंधारात त्यावर प्रकाश टाकला की साठलेलं सगळं मंद उजेडाच्या रूपात बाहेर पडतं. साठलेला डोस भागिले दर वर्षीचा डोस, की वय हाती. अर्थात पुरताना कणाला पुरेसं ऊन मिळालं नसेल तर वय उगाच जास्त येतं, आणि गाळात पाणी किती होतं याचा अंदाज चुकला तर वर्षाचा डोस चुकतो. इथे या पद्धतीने ठशांच्या थरांचं किमान वय सुमारे २१,५०० वर्षं आलं.

बँकवाले काका यावर खूश झाले. त्यांच्या भाषेत सांगायचं तर तीन वेगवेगळ्या शाखांची पासबुकं जुळली, आणि तिन्ही शाखांचे कारकून एकमेकांना ओळखत नाहीत. मी त्यांना एक कोपरा दाखवला: परागकण वाऱ्याने लांबून येतात, जुन्या गाळातून धुऊनही येऊ शकतात, म्हणजे तो कारकूनही धुतल्या तांदळासारखा नाही. पण परागकणांची चूक एका कारणाने होईल, बियांची दुसऱ्या आणि क्वार्ट्झची तिसऱ्या. तिघांनी वेगवेगळ्या कारणांनी चुकून एकाच आकड्यावर यायचं, हा योगायोग मानायला फार उदार मन लागतं.

२०२५च्या जूनमध्ये व्हान्स हॉलिडे यांच्या चमूने सरोवराच्या गाळातल्या सेंद्रिय मातीचीच वयं काढली, आधीच्या चमूंनी न वापरलेल्या प्रयोगशाळांकडून. आकडा २२,४०० ते २०,७००. आम्ही हे दहा मिनिटांत आटोपलं. त्याने आक्षेप घेणाऱ्यांचं तोंड बंद झालं नाही, पण आमच्या वर्गाचं मत त्याआधीच बनलेलं होतं.

एक गोष्ट मी मुद्दाम वेगळी ठेवली, कारण मुलं तिची गल्लत करत होती. याच मैदानात एका माणसाची, बहुधा तरुणीची, दीड किलोमीटरच्या आसपास लांबीची वाट सापडली आहे. ती कडेवर लहान मूल घेऊन गेली आणि त्याच वाटेने परतली. जाण्या-येण्याच्या मधल्या वेळात एक स्लॉथ आणि एक मॅमथ तिच्या पावलांवरून गेले. गोष्ट इतकी देखणी की ती तेवीस हजार वर्षांची आहे असं गृहीत धरायचा मोह होतो. त्या वाटेच्या जुनेपणाचा मोठा आधार म्हणजे ते प्राणी हिमयुगाच्या अखेरीस नामशेष झाले, एवढाच. तिला बियांचा आकडा चिकटवायचा नाही.

राहिला सर्वांत जड आक्षेप. वकीलबाईंनी तो शेवटपर्यंत राखून ठेवला होता. दोन हजार वर्षं माणसं त्या काठावर हिंडली आणि एक चूल नाही, एक हत्यार नाही? मला आमची कांदिवली आठवली. १९३०च्या दशकात टॉड नावाच्या नौदल अधिकाऱ्याला तिथे अश्मयुगीन हत्यारं मिळाली, आणि त्यांचं वय लावलं गेलं ते थरांच्या क्रमावरून आणि घडणीवरून. तिथे हत्यारं आहेत, वर्षांचा आकडा नाही. इथे आकडा आहे, हत्यारं नाहीत.

वेसाव्याच्या मुलीने हा प्रश्न घरी नेला. पुढच्या रविवारी उत्तर घेऊन आली. शिवल्या-कालवं काढायला गेल्यावर चिखलात मागे काय राहतं, असं तिने आजीला विचारलं होतं. टोपली परत येते, कोयता परत येतो, कालवं घरी येऊन फुटतात, कवचांचा ढीग दाराशी पडतो. आजी म्हणाली, "कोयता चिखलात टाकून यायला मी येडी हाय काय?"

वकीलबाई हसल्या, पण त्यांनी चिठ्ठीवर 'थांबते' लिहिलं, आणि कारण लिहिलं, 'ढीग दाराशी असतो, तर ते दार दाखवा.' बाकी बहुतेकांनी 'मानतो' लिहिलं. मीही तेच लिहिलं, आणि कारणाच्या ओळीत: रुपिया बंदा, घर सापडायचं बाकी.